डीएनए लस आणि प्रतिपिंडे

लस म्हणजे मारलेले अथवा दुबळे केलेले रोगजंतू, असे आम्ही शाळेत शिकलो आणि शिक्षक झाल्यावर तेच वर्गात सांगत आलो. २० ऑगस्ट २०२१ रोजी आपल्या देशात कोविडविरुद्ध ‘झायकोव्ह-डी’ या लशीच्या आणीबाणीतील वापरास परवानगी मिळाली, तेव्हा ही व्याख्या किती तोकडी आहे हे आमच्या ध्यानात आले. अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने तयार केलेली ही लस माणसांसाठी मान्यता मिळालेली जगातील पहिली डीएनए लस होय. तिच्यात जंतू नाही, जंतूचे प्रथिनही नाही. आहे ती प्रथिन कसे घडवावे याची लिखित आज्ञा. आणि ती पाळावयाची आपल्याच पेशींनी!

ही आज्ञा डीएनएच्या वाटोळ्या रेणूवर, म्हणजे प्लाझ्मिडवर, असते. पेशी ती खरोखर मानतात, हे १९९० साली अमेरिकेत वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या स्नायूंत दाखविले. पुढे उंदरांत प्रतिपिंडेही उत्पन्न झाली. माणसांत मात्र ती फारच थोडी आढळली. डीएनएला पेशीचे आवरण ओलांडून पुन्हा पेशीकेंद्रात शिरावे लागते, आणि तेथवर थोडेच रेणू पोहोचतात. तेव्हा लशीची रचना कशी करावी, हाच मुख्य प्रश्न होऊन बसला.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या बी-पेशी परक्या प्रथिनाला त्याच्या बाह्य आकृतीवरून ओळखतात. ते प्रथिन पेशीच्या पोटातच राहिले, तर त्याचे तुकडे तेवढे पृष्ठभागावर मांडले जातात. टी-पेशी ते पाहतात, पण बी-पेशींना अखंड प्रथिनाचे दर्शन घडत नाही. म्हणून जनुकाच्या प्रारंभी एक लहानसा संकेत-खंड जोडतात. पाकिटावरील पत्त्याप्रमाणे तो नव्या प्रथिनाला पेशीच्या पृष्ठभागाकडे अथवा बाहेर धाडतो. झायकोव्ह-डीमध्ये कोरोना विषाणूच्या काटा-प्रथिनाला जोडलेला खंड आयजीई नावाच्या प्रतिपिंडाचा आहे. प्रतिपिंडे ही मुळातच पेशीबाहेर पडणारी प्रथिने. तेव्हा त्यांच्याच पत्त्याचा उपयोग करावा, ही युक्ती आम्हांस मोठी गमतीची वाटली.

उरला प्रश्न पोहोचविण्याचा. ही लस सुईवाचून, दाबाच्या बारीक धारेने त्वचेत सोडली जाते. कारण परक्यांवर पहारा करणाऱ्या पेशी त्वचेत पुष्कळ असतात. सुमारे २८,००० स्वयंसेवकांवरील चाचणीच्या अंतरिम निष्कर्षांत तिची परिणामकारकता सुमारे ६७ टक्के दिसली. २५ अंश सेल्सिअसलाही ती किमान तीन महिने टिकते, हा गुण खेड्यापाड्यांच्या दृष्टीने लहान नव्हे. मात्र इतर बहुतेक कोविड लशींना आरंभी दोन मात्रा पुरत असता हिला २८ दिवसांच्या अंतराने तीन लागल्या. पुढे २०२२ मध्ये दोन मात्रांच्या क्रमासही परवानगी मिळाली. त्यासाठी प्रत्येक मात्रेतील डीएनए २ मिलिग्रॅमवरून ३ मिलिग्रॅम करावा लागला.