डेटाबेसचा बॅकअप : टेपवरील प्रत आणि तिची कसोटी

संगणकीकरणापूर्वी शाखेतील खतावण्या दिवसअखेरीस कपाटात कुलूपबंद होत असत. आज त्याच खतावण्या मध्यवर्ती संगणकावर डेटाबेसच्या रूपाने साठविलेल्या असतात आणि ग्राहकाने कोणत्याही शाखेतून वा एटीएममधून केलेला व्यवहार तेथेच नोंदला जातो. भारतातील अनेक बँकांच्या केंद्रीय बँकिंग प्रणाली युनिक्स कार्यप्रणाली आणि ओरॅकलसारखा डेटाबेस यांच्या आधारावर उभ्या राहिल्या. अशा डेटाबेसच्या फायली शेकडो गिगाबाइट, प्रसंगी कित्येक टेराबाइट आकाराच्या असतात. त्यांची प्रत चुंबकीय फितीवर, म्हणजेच टेपवर, कशी घेतली जाते आणि ती विश्वसनीय केव्हा मानावी, याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जोडडिस्क असताना टेप कशासाठी?

महत्त्वाच्या संगणकात प्रत्येक नोंद एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिली जाते. एक डिस्क निकामी झाली तरी दुसरीवर काम सुरू राहते. मात्र चुकून एखादी फाइल पुसली गेली, तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. म्हणून मूळ यंत्रणेपासून अलग, तिच्या चुका पोहोचणार नाहीत अशी एक प्रत असणे अगत्याचे ठरते.

फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या जीमेल सेवेत याचा प्रत्यय आला. सॉफ्टवेअरमधील दोषामुळे सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांची पत्रे दिसेनाशी झाली. निरनिराळ्या केंद्रांतील संगणकांवर प्रती होत्या, परंतु दोषाचा फटका त्यांनाही बसला. कंपनीने ती पत्रे अखेर टेपवरून परत मिळविली, कारण टेप यंत्रणेपासून तुटलेल्या होत्या. आजच्या खंडणीखोर विषाणूंच्या काळातही कपाटात ठेवलेल्या टेपला हाच गुण उपयोगी पडतो. शिवाय तिची क्षमताही वाढत गेली आहे. एलटीओ प्रकारच्या पहिल्या पिढीच्या टेपवर २००० साली १०० गिगाबाइट माहिती मावत असे. २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीच्या टेपवर ती, संकोचन न करता, १८ टेराबाइट मावते.

युनिक्सची साधने आणि आकाराची मर्यादा

युनिक्समधील ‘टार’ या आज्ञेचे नावच ‘टेप’ आणि ‘अर्काइव्ह’ या शब्दांवरून आले आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ती दाखल झाली. तिच्या जोडीला ‘सीपीआयओ’ आणि ‘डीडी’ या आज्ञाही वापरल्या जातात. टार अनेक फायलींची एक मोट बांधते, तर डीडी समोर येणारी माहिती ठरावीक आकाराच्या गठ्ठ्यांत, म्हणजे ब्लॉकमध्ये, जशीच्या तशी उतरवून काढते.

मोठ्या फायलींच्या बाबतीत येथेच दक्षता घ्यावी लागते. जुन्या ३२ बिट प्रणालींत एका फाइलचा आकार २ गिगाबाइटपेक्षा अधिक असू शकत नसे. १९९६ मध्ये संगणक उद्योगाने एकत्रितपणे ठरविलेल्या मानकामुळे ही अडचण दूर झाली. टारच्या प्रमाणित स्वरूपात मात्र फाइलचा आकार लिहिण्यासाठी अष्टमान पद्धतीच्या अकरा अंकांचीच जागा होती. तेवढ्या जागेत जेमतेम ८ गिगाबाइटपर्यंतची संख्या बसते. २००१ च्या पॉझिक्स मानकातील ‘पॅक्स’ स्वरूपाने हे बंधन काढून टाकले. तरीही जुन्या यंत्रावरील जुनी आज्ञा मोठी फाइल पेलू शकते किंवा नाही, याची खातरजमा आधीच केलेली बरी.

चालू डेटाबेसची प्रत

पाच टेराबाइटची फाइल टेपवर उतरविण्यास काही तास लागतात. त्या अवधीत व्यवहार सुरू राहिले, तर प्रतीचा पहिला भाग सकाळच्या स्थितीचा आणि शेवटचा दुपारच्या स्थितीचा होईल. एखाद्या हस्तांतरणात एका खात्याची नावे रक्कम प्रतीत आलेली असेल आणि दुसऱ्या खात्याची जमा आलेली नसेल. अशी खतावणी जुळणार नाही.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे डेटाबेस रीतसर बंद करून प्रत घेणे. हा मार्ग सोपा आहे, पण चोवीस तास सेवा देणाऱ्या बँकेला तो क्वचितच परवडतो. दुसरा मार्ग समजण्यासाठी आपल्या रोजकीर्दीची आठवण ठेवावी. प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत घडला त्या क्रमाने लिहिला जातो आणि मग खतावणीत जातो. खतावणी बिघडली तरी तिची जुनी प्रत व पुढची अखंड रोजकीर्द हाती असल्यास ती पुन्हा तयार करता येते. ओरॅकलमध्ये ‘रिडू लॉग’ हीच रोजकीर्द होय. या नोंदींची जागा मर्यादित असते व ती पुन्हापुन्हा वापरली जाते. म्हणून जुन्या नोंदी पुसण्यापूर्वी त्या अलग साठविण्याची ‘अर्काइव्ह’ व्यवस्था सुरू असणे अनिवार्य आहे. ती सुरू असेल आणि डेटाबेसला बॅकअप आरंभल्याची सूचना दिली असेल, तरच चालू स्थितीतील प्रत उपयोगी पडते. १९९७ च्या ओरॅकल ८ पासून मिळणारे ‘आरमॅन’ हे साधन या गोष्टी स्वतः सांभाळते. मुख्य फायलींसोबत या नोंदी आणि नियंत्रण फाइलही टेपवर गेली पाहिजे. त्यांच्यावाचून टेपवरील खतावणी अपुरीच राहील.

टेप चालविताना

टेपला अखंड प्रवाहाची सवय असते. माहिती थांबत थांबत आली, तर टेप प्रत्येक वेळी थांबते, थोडी मागे जाते आणि पुन्हा पुढे सरकते. यात वेळ जातो आणि टेपची झीजही होते. टारचा मूळचा ब्लॉक अवघा १०,२४० बाइटचा असतो. वेगवान टेपसाठी तो पुष्कळ मोठा ठेवावा आणि परत वाचण्यासाठी त्याची नोंदही करून ठेवावी.

युनिक्समध्ये एकाच टेपयंत्राला दोन नावे असतात. एका नावाने लिहिल्यास काम संपताच टेप आरंभस्थानी परतते, तर दुसऱ्याने लिहिल्यास ती जेथल्या तेथे थांबते. अनेक प्रती एकापाठोपाठ घ्यावयाच्या असताना पहिले नाव वापरले, तर दुसरी प्रत पहिलीवरच लिहिली जाते.

आणखी एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. टारचे उत्पादन डीडीकडे सोपविले, तर सामान्यतः शेवटच्या आज्ञेचा निकाल तेवढा कळविला जातो. टार मध्येच खंडित झाली तरी डीडी आपले काम यशस्वी झाल्याचेच सांगते. म्हणून दोन्ही आज्ञांचे निकाल तपासण्याची तजवीज हवी.

खरी कसोटी

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संकेतस्थळाच्या एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसची निर्देशिका चुकून पुसली गेली. तेथील प्रती टेपवर नव्हे, तर दूरस्थ साठवणीत ठेवल्या जात. परंतु धडा तोच आहे. रोजचा बॅकअप शोधला असता तो तेथे नव्हताच. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्याने बॅकअप अयशस्वी होत होता आणि त्याची सूचना देणारी पत्रे कोणापर्यंत पोहोचत नव्हती. सुमारे सहा तास आधी वेगळ्या कारणाने घेतलेली एक प्रत हाताशी होती म्हणून बहुतांश माहिती वाचली. मधल्या सहा तासांची माहिती मात्र गेली.

टेपवर लिहिणे पूर्ण झाल्याचा संदेश म्हणजे परतप्राप्तीची हमी नव्हे. ठरावीक काळाने एखादी टेप अलग संगणकावर उतरवावी, डेटाबेस सुरू करावा आणि खात्यांच्या बेरजा तेरीजपत्रकाशी पडताळाव्यात. या सरावातून लागणारा वेळही कळतो. प्रतिसेकंद १०० मेगाबाइट वेगाने २ टेराबाइट माहिती परत आणण्यास साडेपाच तासांहून अधिक अवधी लागतो, आणि त्यानंतर रोजकीर्दीच्या नोंदी चढविणे उरतेच.

टेप कोठे ठेवली आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा प्रसंगी संगणक आणि टेप एकाच इमारतीच्या तळघरात असतील, तर दोहोंची गत एकच होईल. म्हणून एक प्रत दूरच्या गावी, सांकेतिक रूपात असावी आणि संकेताची किल्ली टेपपासून वेगळी ठेवावी.

ग्राहकांनाही घरगुती संगणकावरील कागदपत्रे व छायाचित्रे यांबाबत हाच नियम लागू पडतो. एक प्रत संगणकापासून अलग ठेवावी आणि अधूनमधून ती उघडून पाहावी. रोखपाल मोजल्याशिवाय रोकड मान्य करीत नाही. बॅकअपच्या बाबतीतही उतरवून पाहिल्याशिवाय खात्री मानू नये.