अमृतसरचं घड्याळ

अमृतसरहून आलेल्या मराठी माणसाला काय काय पाहिलं असं विचारलं, की उत्तर एका दमात येतं: सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग, वाघा, आणि मधे कुलचा-लस्सी. हे सगळं बहुधा एका दिवसात उरकलेलं असतं. पुढे डलहौसी, धरमशाला किंवा वैष्णोदेवी गाठायची असते आणि सहलीच्या आखणीत अमृतसर म्हणजे डोंगराच्या वाटेवरचा एक मुक्काम, एवढंच त्याचं स्थान असतं. ही चूक मीही केलेली आहे, म्हणून आता जाणाऱ्याला आधी सांगतो: या गावाला स्वतःचं घड्याळ आहे. गुरू रामदासांनी सोळाव्या शतकात तळं खोदून इथे वस्ती वसवली, तेव्हापासून गावाचा जीव त्या तळ्यात आहे आणि तळ्याचा दिवस पहाटेच्या कितीतरी आधी सुरू होतो. आपलं वेळापत्रक घेऊन दुपारी बाराला तिथे पोचणारा माणूस गावात असूनही गावाबाहेरच राहतो.

पंढरपूरला जाणाऱ्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. काकडा कधी, शेजारती कधी, हे विचारूनच आपण निघतो. अमृतसरला मात्र कुणी ते विचारत नाही, आणि तिथे तर रोजचा हा क्रमच सगळ्यात पाहण्यासारखा आहे. हरमंदिर साहिबात (तिथले लोक ‘दरबार साहिब’ म्हणतात, ‘सुवर्णमंदिर’ हे बहुतेक पाहुण्यांच्या तोंडी) मूर्ती नाही. तिथे गुरू ग्रंथ साहिब आहे आणि शीख परंपरेत तो ग्रंथ हाच विद्यमान गुरू आहे. म्हणून त्याला रात्री विश्रांतीला नेतात आणि पहाटे पुन्हा दरबारात आणतात. रात्री दहाच्या सुमारास, ऋतूप्रमाणे थोडं मागेपुढे, ग्रंथ पालखीतून समोरच्या अकाल तख्तात जातो, हे सुखासन. पहाटे चार-पाचच्या दरम्यान नरसिंगा (मोठं शिंग) फुंकला जातो, पालखी तळ्यावरच्या पुलावरून परत येते, ग्रंथ उघडला जातो, हा प्रकाश. पालखीला खांदा देण्यासाठी लोक दाटीवाटीने उभे असतात आणि क्षणाक्षणाला खांदे बदलत पालखी पुढे सरकते. ज्याने हे पाहिलं नाही त्याने नुसता सोन्याचा पत्रा पाहिला. आणि तो पत्रा एकोणिसाव्या शतकात महाराजा रणजितसिंहांच्या काळी चढला. ग्रंथाची पहिली स्थापना 1604 मधली. अहमदशहा अब्दालीने 1762 मध्ये सुरुंग लावून मंदिर उडवलं, ते पुन्हा उभं राहिलं. सोनं त्यानंतरचं आहे. आपण मात्र नेमक्या या सगळ्यात उशिरा आलेल्या गोष्टीचा फोटो काढून परततो.

याचा हिशेब सरळ आहे. दिवसा, त्यातही शनिवार-रविवारी, आत जाण्याची रांग पुलावरून मागे दर्शनी ड्योढी या प्रवेशद्वाराच्याही बाहेर जाते आणि वेळ तासांत मोजावा लागतो. मे-जूनमध्ये अंथरलेल्या पट्ट्या सोडून पाऊल पडलं तर संगमरवर अनवाणी तळव्याला चटके देतो. एवढं सोसून आत गेलेला माणूस सेवादारांच्या ‘चलो जी’मध्ये दोन मिनिटांत बाहेर पडतो आणि मनात कुठेतरी विचारतो, आत होतं काय? हा प्रश्न दर्शनाच्या आपल्या सवयीतून येतो. आपण डोळाभर मूर्ती पाहायला जातो. इथे मात्र ऐकायचं असतं. पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांमध्ये बांधलेलं कीर्तन अखंड चालू असतं आणि ते तळ्याभोवतीच्या परिक्रमेच्या कानाकोपऱ्यात ऐकू येतं. आपल्या कीर्तनासारखं निरूपण त्यात नसतं. रागी, म्हणजे तिथले गायक, ग्रंथातले शब्द तेवढे गातात. तेव्हा आत जाणं जमलं नाही तरी तळ्याकाठी भिंतीला टेकून तासभर बसावं. माझ्या मते ज्याने फक्त रांग लावली आणि बसला नाही, त्याच्यापेक्षा ज्याने रांग लावली नाही पण बसला, त्याला जास्त मिळालं.

यावर पहिला आक्षेप येतो तो रजेचा. चार दिवसांत माणूस काय काय करणार? आक्षेप खरा आहे. मुंबईहून गोल्डन टेंपल मेल किंवा नांदेडहून सचखंड एक्सप्रेस धरली तर जाण्या-येण्यातच रजेचा मोठा तुकडा जातो. म्हणूनच काहीतरी गाळायला हवं, आणि माझं उत्तर आहे, वाघा गाळा. हे ऐकून लोक नाराज होतात. तिथल्या सीमेवरच्या संचलनाला मी कमी लेखत नाही. घरात कुणी फौजेत असेल, मुलांनी हट्ट धरला असेल, तर जरूर जा. पण त्याची किंमत आधी समजून घ्या. सीमा शहरापासून सुमारे 30 किलोमीटरवर आहे, बसायला जागा मिळावी म्हणून दुपारीच निघावं लागतं आणि परत येईपर्यंत अंधार पडलेला असतो. म्हणजे उन्हं उतरतात, तळ्यात दिवे उमटू लागतात, परिक्रमेत गावातली माणसं कामं आटोपून येऊन बसतात, तो सगळा वेळ आपण बसच्या रांगेत असतो. फाळणी समजून घ्यायची असेल तर टाउन हॉलच्या जुन्या इमारतीत 2017 पासून फाळणीचं संग्रहालय आहे, मंदिरापासून चालत जाण्यासारखं. घर सोडताना माणसांनी बरोबर घेतलेल्या साध्यासुध्या वस्तू आणि त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेल्या हकिगती तिथे आहेत. वाघ्याला घोषणा ऐकू येतात, इथे माणसं. वाघा करायचाच असेल तर दोन रात्री राहा, आणि वाघ्याहून आल्यावर हॉटेलात आडवं न होता सुखासनाला जा.

एका दिवसाच्या यादीचं दुसरं नुकसान असं, की ती एकमेकांत गुंतलेल्या जागा सुट्या करते. जालियनवाला बाग मंदिरापासून काही मिनिटांच्या अंतरावर आहे हे सगळे सांगतात; त्या जवळिकीचा अर्थ कुणी सांगत नाही. 13 एप्रिल 1919 ही बैसाखी होती. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक सणासाठी, दरबार साहिबात माथा टेकायला आणि जत्रेला आले होते आणि त्यातले कितीतरी त्या मोकळ्या बागेत विसावले होते. सभाबंदीचा हुकूम अनेकांच्या कानावर गेलेलाही नव्हता. इशारा न देता सुमारे 10 मिनिटं गोळीबार झाला, 1,650 फैरी झडल्या. सरकारी आकडा 379 मृतांचा. काँग्रेसच्या चौकशीने तो हजाराच्या घरात मानला. संचारबंदीमुळे जखमींना रात्रभर तिथेच पडून राहावं लागलं. आदल्या संध्याकाळी आपण ज्या परिक्रमेत बसलो होतो, त्याच परिक्रमेतून ही माणसं उठून गेली होती, हे ठाऊक असेल तर बागेत शिरताना पाय आपोआप जड होतो. 2021 मध्ये बागेचं नूतनीकरण झालं. प्रवेशाच्या अरुंद बोळाच्या भिंतींवर आता शिल्पं आहेत आणि त्यावर इतिहासाच्या अभ्यासकांनी बरीच टीका केली. मला ती टीका पटते. त्या बोळाची अरुंदी पुरेशी बोलकी होती. निदान तिथे उभं राहून सेल्फी तरी घेऊ नका.

आणि 1984. हा विषय टाळून अमृतसरबद्दल लिहिणं मला प्रामाणिक वाटत नाही. जूनच्या सुरुवातीला, गुरू अर्जनदेवांच्या शहीदी दिवसाच्या सुमारास, मंदिरात यात्रेकरू असताना लष्करी कारवाई झाली. अकाल तख्ताची मोठी हानी झाली, ग्रंथालय जळालं. सरकारने तख्त बांधून दिलं, ते शीख समाजाने उतरवलं आणि कारसेवेने पुन्हा बांधलं. मराठी माणसाच्या आठवणीत त्याच गोष्टीचं दुसरं टोक आहे: त्या वेळचे लष्करप्रमुख जनरल वैद्य यांची 1986 मध्ये पुण्यात झालेली हत्या. ही दोन्ही दुःखं खरी आहेत. माझा सल्ला इतकाच, की जाण्याआधी दोन्ही बाजूंचं वाचून जा आणि परिक्रमेत भेटलेल्या अनोळखी माणसाला त्याचं मत विचारून उलटतपासणी करू नका. कुणी आपणहून बोललं तर ऐका. तिथे वाद जिंकायला गेलेला पाहुणा यजमानाच्या घरात बसून घराचीच झडती घेत असतो.

दुसरा आक्षेप लंगरबद्दलचा, आणि तो चांगल्या माणसांकडून येतो. आपण खाऊन-पिऊन सुखी, गरिबांसाठीचं जेवण आपण का खावं? हा संकोच मनापासूनचा असला तरी त्यात एक गैरसमज आहे. लंगर म्हणजे अन्नछत्र नव्हे. रोज हजारो माणसं जेवतात, सणावारी संख्या लाखाच्या घरात जाते, पण पोट भरणं हा त्यातला अर्धाच भाग. पंगतीत कुणी वर-खाली बसत नाही, आणि ते सिद्ध व्हायचं तर सुखवस्तू माणसाने जमिनीवर बसलंच पाहिजे. परंपरा सांगते, की गुरू अमरदासांच्या भेटीला आलेल्या अकबर बादशहालाही आधी पंगतीत बसावं लागलं. पंगतीचं महत्त्व वारकऱ्यांच्या मुलखातल्या माणसाला परकं वाटायला नको. बसा, दोन्ही हात पुढे करून रोटी घ्या, ताटात काही टाकू नका. ऋण वाटत असेल तर फेडायची सोय तिथेच आहे: उठल्यावर भांडी घासायला उभं राहा, लसूण सोला, रोट्या लाटा. पंजाबी येत नाही, हे कारण तिथे चालत नाही. शेजारचा हाताने दाखवतो. गोलकात (दानपेटीत) पैसे टाकून निघून जाणं सोपं आहे, आणि म्हणूनच ते अपुरं आहे.

रीतीभाती कुणीही सांगेल, तरी जिथे आपण चुकतो तेवढंच सांगतो. डोकं झाकायला घरूनच सुती रुमाल किंवा ओढणी न्या; टोपी घालून जाऊ नका. तंबाखू, सिगारेट, गुटख्याची पुडी खिशातसुद्धा नको. ‘बाहेर जाऊन खाईन’ हा विचार खोलीवरच ठेवा. कडा प्रसाद दोन्ही हातांनी घ्या. तो तुपाने ओथंबलेला असतो म्हणून कुणाला तरी देऊन टाकणं किंवा कागदात गुंडाळून विसरणं फार वाईट दिसतं. मुख्य मंदिरात फोटो काढायला मनाई आहे आणि परिक्रमेत रीळ करण्यावरून सेवादार हटकतात. त्यांच्याशी हुज्जत घालू नका. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर धुक्याने गाड्या रखडतात, म्हणून परतीचं विमान त्याच दिवशीचं घेऊ नका. थंडीत ओली फरशी आणि अनवाणी पाय हे ज्येष्ठांना झेपेल का तेही पाहा. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे दिवस मला सर्वांत बरे वाटतात, मात्र दिवाळी सोडून. त्या दिवशी बंदी छोड दिवस हा शिखांचा सण असतो आणि गर्दी अफाट.

शेवटचा आक्षेप: आपण शीख नाही, मग इतक्या खोलात कशाला शिरायचं? मराठी माणसाने हे म्हणावं याचं मला खरोखर दुःख होतं. गुरू अर्जनदेवांनी भाई गुरदासांकडून आदिग्रंथ लिहवून घेतला तो रामसर नावाच्या तळ्याच्या काठी. ते तळं दरबार साहिबापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि आपल्याकडच्या सहलींत त्याचं नाव मी कधी ऐकलेलं नाही. या ग्रंथात नामदेवांची 61 पदं आहेत. पंढरीच्या शिंप्याचे शब्द या काठावर लिहिले गेले आणि रोज पहाटे पालखीतून येऊन दरबारात उघडतात. नामदेवांच्या वास्तव्याचं घुमान हे गुरदासपूर जिल्ह्यातलं गाव अमृतसरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. 2015 मध्ये 88 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी प्रकाश पाहून झाला, की चहा घ्या आणि ऊन चढायच्या आत रामसरला चालत जा. तिथे रांग नसते. निवांत बसता येतं, आणि नामदेवांचं एखादं पद पाठ असेल तर तिथे हलक्या आवाजात म्हणायला कुणाची हरकत नसते.