जुनी गाडी घेताना

माझे मामू अंबडच्या बागांतील मोसंबी जालन्याच्या बाजारात विकत. टेंपोच्या भाड्यातच नफा संपे. म्हणून त्यांनी जुनी ओम्नी घ्यायचे ठरवले. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले. आता ती जुनीच मिळते.

एक चकचकीत गाडी त्यांना आवडली. ते लगेच बयाणा द्यायला निघाले. अम्मी म्हणाली, "भाईजान, ही पाच वर्षांची बचत आहे. आधी मिस्त्रींना दाखवा."

मिस्त्रींनी सकाळी थंड इंजिन सुरू केले. निळा धूर निघाला. "इंजिन ऑइल जळते आहे," ते म्हणाले. मग त्यांनी पायाखालची चटई उचलली. खालचा पत्रा गंजला होता. चॅसी नंबर आरसी बुकाशी जुळला. पण बुकावर बँकेचा बोजा होता. बँकेच्या लेखी संमतीशिवाय अशी गाडी नावावर होत नाही.

मामूंनी ती गाडी सोडली. महिन्याने दुसरी घेतली. तिचा रंग उडालेला होता. पण इंजिन आणि कागदपत्रे चोख होती.

मामू म्हणतात, "मोसंबी आपण रंगावरून नाही, हातात तोलून घेतो. गाडीचेही तसेच!"

शब्दार्थ : बयाणा – आगाऊ रक्कम; बोजा – कर्जाची नोंद; चोख – बिनचूक, चांगले.

प्रश्न : मामूंनी पहिली गाडी का सोडली?