ड्रॅगन, इतिहास आणि आजीची गोष्ट : अद्भुत कादंबरी कशी वाचावी?



ग्रंथालयाच्या तासाला वरच्या वर्गांतील मुले ज्या पुस्तकांसाठी आपसांत भांडतात, त्यांत ड्रॅगन, जादूगार आणि राजवाडे असलेल्या जाडजूड कादंबऱ्या पुष्कळ असतात. पालक सभेत या पुस्तकांविषयी दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, अशा वाचनाने मुलांच्या डोक्यात खोटा इतिहास भरणार नाही का? दुसरा, एवढ्या वेळात अभ्यासाचे काही वाचले तर बरे नव्हे का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून या अंकात आम्ही एका लेखिकेची पुस्तके उदाहरणादाखल घेऊन, अशी कादंबरी कशी वाचावी याचा एक छोटा पाठ देत आहोत.

लेखिका कोण?

नेओमी नोविक या अमेरिकन लेखिकेचा जन्म 1973 मध्ये न्यूयॉर्क येथे झाला. त्यांच्या आईचे घराणे पोलंडमधील कॅथलिक, तर वडिलांचे मूळ लिथुआनियातील ज्यू. त्यांनी इंग्रजी साहित्य आणि संगणकशास्त्र या दोन्ही विषयांचे शिक्षण घेतले आहे. आपण पोलिश परीकथा, बाबा यागा आणि टॉल्किन यांवर वाढलो, असे त्या स्वतःच्या परिचयात सांगतात. यातील बाबा यागा म्हणजे स्लाव्ह लोककथांमधील चेटकीण. तिची झोपडी कोंबडीच्या पायांवर उभी असते आणि ती स्वतः उखळात बसून, हातात मुसळ घेऊन आकाशातून फिरते!

म्हणजे पाहा, घर अमेरिकेत, शाळेची भाषा इंग्रजी, पण कानावर पडलेल्या गोष्टी मात्र पोलंडच्या. ही परिस्थिती आपल्या इंदूरच्या मराठी घरांना अनोळखी नाही. या मुद्द्याकडे आपण शेवटी परत येऊ.

तीन रकाने

वाचताना वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत. पहिला 'घडलेले', म्हणजे इतिहासात खरोखर झालेले. दुसरा 'ऐकलेले', म्हणजे जुन्या लोककथा-परीकथांतून आलेले. तिसरा 'रचलेले', म्हणजे लेखकाने स्वतः कल्पिलेले. आता आपण हे तीन रकाने भरून पाहू.

घडलेले

नोविक यांची पहिली कादंबरी 2006 मध्ये आली. ब्रिटनमध्ये तिचे नाव 'टेमेरेअर', तर अमेरिकेत 'हिज मॅजेस्टीज ड्रॅगन'. पुढे 2016 पर्यंत या मालेत एकूण नऊ पुस्तके झाली. काळ आहे नेपोलियनच्या युद्धांचा. विल्यम लॉरेन्स हा इंग्रज आरमारी कप्तान एक फ्रेंच जहाज पकडतो. त्यावर ड्रॅगनचे एक अंडे सापडते. त्यातून बाहेर आलेल्या ड्रॅगनला तो 'टेमेरेअर' हे नाव देतो.

हे नाव पहिल्या रकान्यात जाईल, कारण टेमेरेअर नावाचे 98 तोफांचे ब्रिटिश जहाज खरोखर होते. 1798 मध्ये ते पाण्यात उतरले आणि 21 ऑक्टोबर 1805 रोजी ट्रॅफल्गारच्या लढाईत नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजाच्या पाठोपाठ लढले. म्हातारे झालेले हे जहाज मोडीत काढण्यासाठी ओढून नेले जात आहे, असे चित्र टर्नर या चित्रकाराने 1839 मध्ये प्रदर्शित केले. ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. 2020 मध्ये निघालेल्या 20 पौंडांच्या नोटेवरही टर्नरबरोबर हे जहाज छापले आहे. शब्द मुळात फ्रेंच असून त्याचा अर्थ 'धाडसी'. 1759 मध्ये इंग्रजांनी या नावाचे एक फ्रेंच जहाज जिंकले आणि तेच नाव पुढे आपल्या जहाजांना दिले. म्हणजे फ्रेंचांकडून मिळालेल्या अंड्यातील ड्रॅगनला फ्रेंचांकडून मिळालेलेच नाव. इतिहास ठाऊक असणाऱ्या वाचकाला इथे गंमत वाटते, ती इतरांना वाटत नाही.

इंग्लंडवर स्वारी करण्यासाठी नेपोलियनने 1803 ते 1805 या काळात बुलोन येथे मोठी फौज जमवली होती, हेही खरे. ती फौज समुद्र ओलांडू शकली नाही आणि 1805 च्या ऑगस्टमध्ये तिने मध्य युरोपकडे मोर्चा वळवला. कादंबरीत मात्र नेपोलियनजवळ ड्रॅगन आहेत, म्हणून स्वारी आकाशातून होते. 'फौज जमली' हे पहिल्या रकान्यात आणि 'आकाशातून आली' हे तिसऱ्या रकान्यात लिहावे.

ऐकलेले

ड्रॅगन हा प्राणी दुसऱ्या रकान्यातला. पण सगळीकडचा ड्रॅगन सारखा नाही. युरोपातील ड्रॅगन गुहेत सोन्याच्या राशीवर बसतो आणि आग ओकतो. 'बेओवुल्फ' हे जुन्या इंग्रजीतील काव्य सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितात मिळते. त्यात कोणीतरी ड्रॅगनच्या खजिन्यातून एक पेला चोरतो आणि चिडलेला ड्रॅगन गावे जाळतो. या काव्याचा अभ्यास करणारे ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन यांनी 1937 मध्ये मुलांसाठी 'द हॉबिट' लिहिले. त्यातही स्मॉग नावाच्या ड्रॅगनच्या खजिन्यातून पहिल्यांदा चोरीला जातो तो पेलाच! आपल्याकडे गुप्तधनावर नाग बसलेला असतो असे म्हणतात. त्या समजुतीचे या ड्रॅगनशी असलेले साम्य मुलांच्या लगेच लक्षात यावे.

चीनचा ड्रॅगन मात्र निराळा. तो पाऊस आणि नद्यांचा स्वामी, शुभ आणि सम्राटाचे चिन्ह. टेमेरेअर मुळात चिनी जातीचा आहे, म्हणून तो विद्याप्रेमी दाखवला आहे. पुस्तकांची पाने नखांनी उलटता येत नाहीत, म्हणून तो कप्तानाकडून पुस्तके वाचून घेतो.

नोविक यांच्या आणखी दोन कादंबऱ्या थेट परीकथांतून उगवल्या आहेत. 'अपरूटेड' या 2015 च्या कादंबरीला नेब्युला पुरस्कार मिळाला. तिच्यात 'ड्रॅगन' हे एका जादूगाराचे नाव आहे. तो दर दहा वर्षांनी खोऱ्यातील एक मुलगी मनोऱ्यात घेऊन जातो. तिच्यात भयंकर जंगल आहे आणि यागाची जुनी वहीसुद्धा आहे.

दुसरी 'स्पिनिंग सिल्व्हर', 2018 ची. तिचे मूळ ग्रिम बंधूंनी 1812 मध्ये छापलेल्या रुम्पेलस्टिल्ट्स्किनच्या गोष्टीत आहे. तिथे पिठाच्या चक्कीवाला फुशारकी मारतो की आपली मुलगी गवताचे सोने कातते. नोविक यांनी ही मुलगी बदलली. त्यांची मिर्यम ही ज्यू सावकाराची मुलगी. वडील इतके भिडस्त की उधारी मागताच येत नाही, घरात उपासमार. शेवटी ती स्वतः दारोदार जाऊन वसुली करते आणि हुशारीने चांदीच्या नाण्यांचे सोन्याचे नाणे करते. हे हिमराज्याच्या राजाच्या कानावर जाते आणि संकट उभे राहते.

इथे दुसरा रकाना पहिल्याला येऊन मिळतो. मध्ययुगीन युरोपात बऱ्याच ठिकाणी ज्यूंना जमीन बाळगण्यास आणि कारागिरांच्या संघांत शिरण्यास मनाई होती. त्यामुळे अनेकांना सावकारीकडे वळावे लागले आणि मग त्याच सावकारीसाठी लोक त्यांचा द्वेष करीत. जुन्या गोष्टींतही लोभी सावकाराचे चित्र येते. लेखिकेने तीच गोष्ट त्या घराच्या आतून सांगितली. एकच प्रसंग दुसऱ्या बाजूने पाहता येणे हे केवढे मोठे शिक्षण आहे!

रचलेले

तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. लेखकाने जे कल्पिले, ते का कल्पिले असेल, हे इथे विचारावे. दोन उदाहरणे देतो.

नोविक यांच्या इंग्रजी हवाई दलात एका मौल्यवान जातीचे ड्रॅगन केवळ स्त्री कप्तानच स्वीकारतात. त्यामुळे दलाला नाइलाजाने स्त्रियांना अधिकारी करावे लागते आणि बाहेरच्या समाजापासून ते लपवावे लागते. त्या काळच्या खऱ्या ब्रिटिश आरमारात स्त्री अधिकारी नव्हत्या. पात्रतेचा अभाव होता की संधीचा, हा प्रश्न ड्रॅगनच्या निमित्ताने वाचकापुढे येतो.

दुसरे उदाहरण 'थ्रोन ऑफ जेड' या दुसऱ्या पुस्तकातले. टेमेरेअर चीनला जातो. तिथे ड्रॅगन माणसांबरोबर रस्त्यांतून हिंडतात, लिहितात, स्वतःचे पैसे बाळगतात. मग त्याच्या मनात येते, आम्ही इंग्लंडसाठी जीव धोक्यात घालतो, तर आम्हाला पगार का नाही? आता पहिल्या रकान्याकडे पाहा. ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली ती 1807 मध्ये, आणि वसाहतींतील गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला तो 1833 मध्ये. म्हणजे कथेच्या काळात हा वाद खरोखरच पेटलेला होता. कल्पित प्राणी खरा प्रश्न विचारतो आहे.

मग खोटा इतिहास भरतो का?

ज्याला खरा इतिहास माहीत नाही, त्याच्या डोक्यात भरू शकतो. म्हणून उपाय पुस्तक काढून घेणे हा नसून पहिला रकाना भरायला लावणे हा आहे. आणि तो भरताना आपल्याच दाराशी येऊन पोहोचता येते.

या मालेत आर्थर वेलस्ली हा सेनापतीही येतो. पुढे 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध लढलेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. पण त्याआधी, 23 सप्टेंबर 1803 रोजी, त्याने शिंदे आणि भोसले यांच्या सैन्याशी असईची लढाई केली, ती आजच्या जालना जिल्ह्यात. ट्रॅफल्गार झाले त्याच 1805 साली यशवंतराव होळकर उत्तरेत इंग्रजांशी झुंजत होते. त्यांचा राजघाटचा तह 24 डिसेंबर 1805 चा, म्हणजे ट्रॅफल्गारनंतर अवघ्या दोन महिन्यांनी. आपल्या मुलांना नेपोलियनचे ड्रॅगन पाठ असावेत आणि यशवंतराव ठाऊक नसावेत, हे बरे नाही. पण ड्रॅगनच्या मागे मागे जाऊन ते यशवंतरावांपाशी पोहोचले, तर त्या कादंबरीचे आभारच मानायला हवेत.

आपली शिदोरी

आमच्यासारख्या हिंदी माध्यमातून शिकलेल्या पिढीला ही वाट नवी नाही. देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांता'तील अय्यार आणि तिलिस्म यांनी कितीतरी लोकांना वाचनाची गोडी लावली. खत्री यांच्याकडे चकिया-नौगढच्या जंगलांचा ठेका होता. तिथले पडके किल्ले त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि त्यांतच आपले तिलिस्म उभे केले. त्या पुस्तकातले चुनार आजही आहे. घडलेले आणि रचलेले यांची सरमिसळ आपल्याकडेही जुनीच आहे.

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे. नोविक यांची पुस्तके जगभर वाचली जातात, ती इंग्रजीत. पण त्यांतले बी पोलंडच्या गोष्टींचे. परदेशात स्थायिक झालेल्या त्या घरात त्या गोष्टी सांगायच्या राहिल्या असत्या, तर 'अपरूटेड' कुठून आली असती? आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या श्रावणातल्या कहाण्या, आटपाट नगराचे राजे, भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी होती. आज किती घरांत त्या मराठीतून सांगितल्या जातात? शाळा मुलांना भाषा शिकवू शकते, व्याकरण शिकवू शकते, पण रात्री अंथरुणात ऐकलेली गोष्ट शाळेच्या तासात देता येत नाही. ती घरातूनच यावी लागते. पालकांना आमची हीच कळकळीची विनंती आहे. आणि ग्रंथालयाच्या खरेदीत पाठ्यपुस्तकांसोबत कथा-कादंबऱ्यांनाही जागा राहावी, ही विश्वस्त मंडळींना.

कोणी काय वाचावे?

'द हॉबिट' पाचवी-सहावीपासून मोठ्यांच्या मदतीने वाचता येईल. 'टेमेरेअर' आठवीपासून पुढे. 'अपरूटेड'मध्ये काही प्रसंग प्रौढ वाचकांसाठीचे आहेत, तेव्हा ते शाळेतल्या मुलांना देऊ नये. पालकांनी मात्र स्वतःसाठी जरूर वाचावे. 'स्पिनिंग सिल्व्हर' पालकांनी आधी वाचून मग दहावीच्या पुढच्या मुलांना द्यावे.

स्वाध्याय

1. आवडत्या अद्भुत कादंबरीचे एक प्रकरण निवडा आणि तीन रकाने भरा. प्रत्येकात किमान तीन नोंदी हव्यात.
2. युरोपचा ड्रॅगन, चीनचा ड्रॅगन आणि आपल्याकडील धनावरचा नाग यांतील साम्य व फरक दहा ओळींत लिहा.
3. 1803 ते 1805 या वर्षांत युरोपात आणि माळव्यात काय घडत होते, याची शेजारी शेजारी कालरेषा काढा.
4. घरातील आजी-आजोबांकडून एक गोष्ट ऐका आणि त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच मराठीत लिहून आणा. शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार नाहीत.

चौथ्या प्रश्नाच्या वह्या आम्ही स्वतः वाचणार आहोत.