मिश्रीसुद्धा तंबाखूच

आमच्या सातारा भागात मिश्री लावणाऱ्या बाईला कुणी व्यसनी म्हणत नाही. तव्यावर काळीभोर होईस्तोवर भाजलेली तंबाखू चुरून डबीत भरायची, सकाळी उठल्या उठल्या बोटाने हिरड्यांना घासायची, दुपारी जेवण झाल्यावर पुन्हा, रात्री निजताना पुन्हा. सगळ्यांच्या लेखी हे दात घासणंच. दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 सालापासून बंदी आहे, पण घरच्या तव्याला कोण अडवणार?

मीही आईचं बघून लहानपणीच लावायला लागले. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा नाव नोंदवताना विचारलं, "विडी, तंबाखू, दारू असं काही?" मी नाही म्हणाले आणि मला ते खरंच वाटत होतं. त्या महिन्यांत मिश्री उलट वाढली, कारण मळमळायला लागलं की ती लावून बरं वाटायचं. भूक मरत चालली होती, ती डोहाळ्यांवर ढकलली. मुलगी दिवस भरायच्या आत झाली, वजन दोन किलोलाही कमी. तिला काचेच्या पेटीत ठेवलेलं असताना एका सिस्टरनी माझ्या हिरड्या बघून नेमका प्रश्न विचारला, "मिश्री लावता का?"

एकाच बाळाचं वजन कशामुळे घटलं ते छातीठोकपणे सांगता येत नाही. माझ्या अंगात रक्तही कमी होतं. पण सिस्टरनी जे समजावलं ते प्रत्येक गरोदर बाईला ठाऊक हवं. मिश्री गिळली नाही तरी तिच्यातलं निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेतून बाळाला मिळणारं रक्त कमी पडतं. निकोटिन वार ओलांडून बाळापर्यंतही पोचतं. विडी-सिगारेट असेल तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड बाळाचा प्राणवायू आणखी हिरावतो, म्हणून नवऱ्याची विडीही घराबाहेरच हवी. मुंबईत 1217 गरोदर बायकांची पाहणी झाली होती, ती 2004 साली प्रसिद्ध झाली. तोंडात तंबाखू धरणाऱ्या किंवा मिश्री लावणाऱ्या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली. सुदृढ बाळाला हा फरक थोडका वाटेल, पण आधीच अडीच किलोच्या काठावर असलेल्या बाळाला तो फार जड जातो. पोटात बाळ दगावण्याचा धोकाही अशा बायकांत जास्त आढळला.

दुसऱ्या खेपेला मी सोडली. सगळ्यांत अवघड गेली ती सकाळ. मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही, ही आपल्याकडची पक्की समजूत. सवय लागलेल्या शरीराला पहिले काही दिवस तसा त्रास होतोही. मी उठल्यावर कोमट पाणी पीत असे, जेवणात पालेभाजी वाढवली आणि अंगणात थोड्या फेऱ्या मारत असे. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, रडू यायचं. पहिला आठवडा कठीण जातो, मग तलफ हळूहळू विरळ होत जाते. तलफ आली की घोटभर पाणी पिऊन काही मिनिटं हात कामात गुंतवायचे, तेवढ्यात ती ओसरते. मिश्रीच्या जागी सुपारी, तपकीर किंवा गुल धरू नका. सुपारीचंही व्यसन लागतं आणि तिनेही कर्करोग होतो. निकोटिनचं च्युइंगमही गरोदरपणात आपल्या मनाने घ्यायचं नाही, डॉक्टरांना विचारूनच.

खरा आधार झाला तो सासूबाईंचा. त्यांची स्वतःची सुटली नाही, पण घरात भाजणं त्यांनी बंद केलं. तव्यावरचा तो वास आला असता तर माझा निश्चय टिकला नसता, असं मला आजही वाटतं. म्हणून घरातल्या थोरल्या बायकांना हे आधी सांगा, लाजू नका.

चौथा-पाचवा महिना उलटला म्हणून आता काय उपयोग, असं मनात आणू नका. ज्या दिवशी थांबाल त्या दिवसापासून बाळाला फायदाच आहे. तपासणीला गेलात की कुणी विचारलं नाही तरी मिश्रीचं नाव घेऊन सांगा, नुसतं तंबाखू म्हणून नाही. आशाताईंना विचारलं तर जवळचं तंबाखूमुक्ती केंद्र कळेल. 1800-112-356 या राष्ट्रीय क्विटलाइनला फोन फुकट लागतो.

बाळंतपणानंतर जपायला हवं. रात्रीची जागरणं, अंगदुखी, भेटायला येणाऱ्या बायकांच्या डब्या, यात सुटलेली मिश्री बरोबर परत येते. निकोटिन अंगावरच्या दुधातही उतरतं. बाळंतिणीच्या खोलीत डबी उघडायची नाही, हे येणाऱ्या प्रत्येकीला घरातल्या कुणीतरी दारातच सांगावं.