क्रोमबुक घ्यावे की टॅब? वीस हजारांच्या छोट्या संगणकाचा खरा खर्च

वीस-बावीस हजारांचे बजेट आणि घरात दहावी-अकरावीचे पोर, असा ग्राहक दुकानात शिरला की त्याच्यापुढे तीन वस्तू मांडल्या जातात. विंडोजचा सर्वांत स्वस्त लॅपटॉप, क्रोमबुक आणि की-बोर्ड जोडलेला अँड्रॉइड टॅब. यातला पहिला या किमतीत सोडूनच द्यावा. चार जीबी रॅमवर विंडोज ११ चालते असे कंपनी म्हणते, वापरणारा म्हणत नाही. उरले दोन. त्यांच्या किमती जवळपास सारख्या दिसतात, पण पुढची पाच-सात वर्षे होणारा खर्च मुळीच सारखा नसतो.

क्रोम ओएसची घोषणा गूगलने २००९ मध्ये केली आणि २०११ मध्ये सॅमसंग व एसर यांची पहिली क्रोमबुके बाजारात आली. ब्राउझर हाच संगणक, कामे संकेतस्थळावर करायची आणि फायली ड्राइव्हवर ठेवायच्या, अशी त्यामागची कल्पना. अँड्रॉइड मुळात फोनसाठी झाले, पुढे त्याचा पडदा मोठा होत गेला. तिथे प्रत्येक कामाला वेगळे ॲप. २०१६ पासून क्रोमबुकवरही प्ले स्टोअरची ॲप्स येऊ लागली, त्यामुळे सीमारेषा पुसट झाली खरी. तरी एक फरक रोज जाणवतो. क्रोमबुकवरचे क्रोम म्हणजे संगणकावरचे पूर्ण क्रोम. टॅबवरचे क्रोम म्हणजे फोनवरचे, ज्यात एक्स्टेन्शन चालत नाहीत. प्रवेशाचे लांबलचक अर्ज, शेजारी उघडलेली पीडीएफ, ब्राउझरचे सात-आठ टॅब आणि खाली स्प्रेडशीट असले काम अँड्रॉइडवर होते, पण रडतखडत.

बाहेरून दिसणाऱ्या आकारावर मात्र जाऊ नये. २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांना आलेले जिओबुक दिसायला पक्के लॅपटॉप होते, पण आत अँड्रॉइडवर बेतलेले जिओ ओएस. दुकानात ‘लॅपटॉप आहे का’ एवढे विचारून भागत नाही, ‘आत काय आहे’ हेही विचारावे लागते.

आता पैशांकडे येऊ. अशा यंत्राची किंमत त्याच्या उरलेल्या आयुष्याने भागून पाहावी, आणि आयुष्य म्हणजे सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार ते. २०२३ मध्ये गूगलने जाहीर केले की २०२१ पासून बाजारात आलेल्या क्रोमबुकांना दहा वर्षे आपोआप अपडेट मिळतील. ही दहा वर्षे तुम्ही बिल फाडता त्या दिवसापासून मोजायची नसतात. त्या मॉडेलचा मूळ प्लॅटफॉर्म बाजारात आला तेव्हापासून मोजायची. त्यामुळे दिवाळीच्या सेलमध्ये ‘अर्ध्या किमतीत’ मिळणारे क्रोमबुक बहुधा तीन-चार वर्षे आधीच जगून आलेले असते. शेवटची तारीख सेटिंगमध्ये ‘क्रोम ओएसविषयी’ या भागात लिहिलेली असते आणि गूगलच्या मॉडेलवार यादीतही सापडते. ती पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

उदाहरणादाखल २२,००० रुपयांचे क्रोमबुक घेतले आणि तारखेला आठ वर्षे बाकी आहेत असे धरा. मध्ये एकदा बॅटरी बदलायला ३,००० लागतील. एकूण २५,०००, म्हणजे वर्षाला ३,१२५ रुपये. उलट १९,००० चा टॅब, ३,००० चा की-बोर्ड आणि या किमतीच्या टॅबला चार वर्षे अपडेट मिळाले असे धरले, तर वर्षाला ५,५०० पडतात. चार वर्षांनंतर टॅब बंद पडत नाही, सिनेमे दाखवत राहतो. पण त्यावर बँकेचे व्यवहार करावेत असे मी कोणालाच सांगणार नाही.

टॅबची किंमत खोक्यावर संपत नाही, ती तिथे सुरू होते. शाओमी पॅड ६ भारतात २०२३ मध्ये २६,९९९ रुपयांपासून आला. त्याचा की-बोर्ड ४,९९९ आणि पेन ५,९९९. तिन्ही मिळून ३७,९९७, आणि एवढ्यात विंडोजचा बऱ्यापैकी लॅपटॉप येतो. चारपाचशे रुपयांचा ब्लूटूथ की-बोर्डही जोडता येतो, पण तो मांडीवर टेकत नाही, टेबल लागतेच. आयपॅडचे गणित आणखी वरचे. २०२५ चा साधा आयपॅड ३४,९०० पासून, आणि ॲपलचा की-बोर्ड वेगळा घ्यावा तर तोच एका मध्यम टॅबएवढा महाग. चित्र काढणाऱ्याने, संगीत करणाऱ्याने जरूर घ्यावा. निबंध टाइप करणाऱ्याने कशाला?

एक छुपा खर्च दुकानदार क्वचितच सांगतो. मायक्रोसॉफ्टची वर्ड-एक्सेलची मोबाइल ॲप्स १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर फुकट संपादन करू देतात. पडदा त्याहून मोठा असेल, तर संपादनासाठी वर्गणी लागते. आजचे बहुतेक टॅब अकरा इंची आहेत. ब्राउझरमधले वर्ड-एक्सेल मात्र फुकट आहे आणि ते क्रोमबुकवर नीट चालते. गूगल डॉक्स दोन्हीकडे फुकट. साठवणीचे म्हणाल तर गूगलची १५ जीबी जागा मोफत आहे, फोनवरचे फोटो तिथेच जात असतील तर ती लवकर भरते. मग १०० जीबीसाठी महिना १३० किंवा वर्षाला १,३०० रुपये. हा खर्च हिशेबात आधीच धरावा, कारण स्वस्त क्रोमबुकची आतली ६४ जीबी साठवण मदरबोर्डवर झाळलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

‘नेट गेले की क्रोमबुक म्हणजे ठोकळा’ ही तक्रार जुनी आणि आता अर्धीच खरी. डॉक्स, शीट्स, जीमेल ऑफलाइन चालतात. फक्त ती सोय नेट असताना चालू करून ठेवावी लागते, आणि नेमके तेच कोणी करत नाही. जिथे वीज आणि घरचे वायफाय दोन्ही बेभरवशाचे, तिथे सिमकार्डाचा टॅब सोयीचा वाटतो. पण सिमची सोय असलेला टॅब वायफायवाल्यापेक्षा महाग, शिवाय दर महिन्याचे वेगळे रिचार्ज. फोनचा हॉटस्पॉट तेच काम करतो.

सर्वांत मोठी फसगत सेकंडहँडमध्ये होते. अमेरिकी शाळांनी काढून टाकलेली क्रोमबुके ‘रिफर्बिश्ड’ म्हणून सात-आठ हजारांत विकायला येतात. अनेकांची अपडेटची तारीख उलटून गेलेली असते. काहींवर मूळ शाळेच्या नोंदणीचे कुलूप असते आणि सगळे पुसून पुन्हा सुरू केले तरी ते कुलूप परत येते. त्यामुळे यंत्र दुकानातच वायफायला जोडून, पूर्ण रिसेट करून, स्वतःच्या खात्याने उघडून पाहावे. विक्रेता नाही म्हणाला तर तिथून निघावे.

घरात सात-आठ वर्षांचा विंडोज लॅपटॉप धूळ खात पडला असेल, तर मात्र काहीच विकत घेऊ नका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि असे हजारो लॅपटॉप एका रात्रीत जुने ठरले. त्यांच्यासाठी गूगलचे क्रोम ओएस फ्लेक्स फुकट आहे. चार जीबी रॅम, इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर आणि एक आठ जीबीचा पेनड्राइव्ह एवढ्यावर काम होते. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा तपासता येतो. पसंत पडले तरच बसवावे, कारण बसवताना डिस्कवरचे सगळे पुसले जाते. फ्लेक्सवर प्ले स्टोअर नाही, तेवढी उणीव आहे. बॅटरी मेली असेल तर दोन-तीन हजार आणि जुनी हार्डडिस्क असेल तर एसएसडीचे पैसे घाला. ब्राउझरवर काम करणाऱ्याला याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

काही कामांना मात्र यातले काहीच चालणार नाही. टॅली, डिजिटल सहीचा डोंगल, जीसीसी-टीबीसी टायपिंग परीक्षेचा सराव, ‘श्री-लिपी’त चालणारी डीटीपीची कामे, या सगळ्यांना विंडोज हवेच. ‘श्री-लिपी’तली जुनी फाइल डॉक्समध्ये उघडली तर अक्षरांऐवजी चिन्हांचा ढिगारा दिसतो. कॅनन एलबीपी २९०० सारखा जुना लेझर प्रिंटर घरी असेल, तर तो क्रोमबुकवर चालेल असे गृहीत धरू नये. नवे वायफाय प्रिंटर सहसा चालतात.

क्रोम ओएस आणि अँड्रॉइड एकाच पायावर आणणार, असे गूगलने २०२५ मध्ये सांगून टाकले आहे. म्हणून खरेदी लांबवावी का? शाळेचे वर्ष कोणासाठी थांबत नाही. येणाऱ्या यंत्रांचे भाव आणि आश्वासने येतील तेव्हा पाहता येतील. आज हातातल्या यंत्राला किती वर्षे अपडेट मिळणार, तेवढे तपासून व्यवहार करावा. टॅब घ्यायचा ठरला तर कंपनीने त्या मॉडेलला किती वर्षे सुरक्षा अपडेट कबूल केले आहेत ते तिच्या संकेतस्थळावर वाचून जावे. मराठी टायपिंग इनस्क्रिप्टने करत असाल तर बाहेरचा की-बोर्ड जोडून दुकानातच चार ओळी टाइप करून पाहाव्यात, कारण पडद्यावर दिसणारा मराठी की-बोर्ड आणि जोडलेल्या की-बोर्डावरची मराठी या वेगळ्या गोष्टी आहेत. सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी आहे की थेट पुण्या-मुंबईला, हेही विचारा. आणि बिलावर मॉडेल व सिरियल नंबर दोन्ही लिहून घ्या.