सुई टोचण्यापूर्वीची मळमळ

कर्करोगावर रासायनिक उपचार, म्हणजेच केमोथेरपी, घेणाऱ्या काही रुग्णांच्या बाबतीत घरच्या मंडळींना कोड्यात टाकणारा एक प्रकार घडतो. तीन-चार वेळा औषध घेऊन झाल्यावर पुढील खेपेस रुग्णालयाचे फाटक दिसताच त्यांना मळमळू लागते. स्पिरिटचा वास, सलाईनची बाटली, क्वचित आदल्या रात्री पिशवी भरताना झालेली नुसती आठवणही ओकारीस पुरते. औषधाचा थेंबही अद्याप शरीरात गेलेला नसतो. मग ‘मनाचे खेळ’, ‘भित्रेपणा’ असे शेरे रुग्णास ऐकावे लागतात. ते अन्यायाचे आहेत.

रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांचा कुत्र्यावरील प्रयोग शिक्षकांनी अध्यापनाच्या अभ्यासक्रमात वाचलेला असतो. अन्नापूर्वी ठराविक आवाज वारंवार ऐकविला, की पुढे केवळ आवाजानेच कुत्र्याच्या तोंडास लाळ सुटते. येथेही तेच घडते. औषधाने उलटी होते. उलटीच्या वेळी भोवती जो वास, जी खोली, जे चेहरे असतात त्यांच्याशी शरीर तिची सांगड घालते. या शिकण्यावर रुग्णाच्या इच्छेचा ताबा नसतो. पहिल्या खेपांना ज्यांना फार उलट्या झाल्या, ज्यांचे वय पन्नाशीच्या आत आहे, ज्यांना एस. टी.च्या प्रवासात गाडी लागते, त्यांच्यात हे अधिक आढळते. स्त्रियांतही प्रमाण जास्त असते.

म्हणून खरा उपाय पहिल्याच खेपेस करावयाचा असतो. ऑनडॅनसेट्रॉन, डेक्सामेथासोन यांसारख्या औषधांनी सुरुवातीचीच उलटी आवरली, तर सांगड बसतच नाही. एकदा ती बसली, की हीच औषधे फारशी उपयोगी पडत नाहीत. तेव्हा डॉक्टर आदल्या रात्री व त्या दिवशी सकाळी लोराझेपामसारखे चिंताशामक औषध देतात. दुसरा मार्ग मन व स्नायू सैल सोडण्याच्या शिक्षणाचा. अमेरिकेत मॉरो व मॉरेल यांनी १९८२ साली ६० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील एका गटास अंग सैल सोडावयास शिकवून, त्या स्थितीत रुग्णालयाची वाट, खोली, सुई अशी दृश्ये क्रमाक्रमाने डोळ्यांसमोर आणावयास लावले होते. नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा या गटातील कितीतरी अधिक रुग्णांचा त्रास थांबला.

हा त्रास न सांगता सोसणारा रुग्ण एखादी तारीख चुकवतो, नंतर दुसरी, आणि अखेर उपचार अर्धवट सुटतात. गावातील कोणी तारखेस जावयाचे टाळीत असेल, तर सरपंचांनी अथवा गुरुजींनी धीराचे चार शब्द सांगण्याआधी ‘उलटी केव्हा सुरू होते?’ एवढे विचारावे आणि ते उत्तर डॉक्टरांच्या कानी घालण्यास घरच्यांना सांगावे. उपचाराच्या दिवशी आवडीचा पदार्थ आग्रहाने खाऊ घालण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मात्र त्या दिवसापुरती बाजूस ठेवावी. त्या पदार्थाचीही उलटीशी सांगड बसते, आणि मग तो कायमचा नकोसा होऊ शकतो.